लाल कुठे, काळी कुठे? हॅम रेडिओच्या बारा व्होल्टच्या प्लगची गोष्ट

मागच्या भागात आपण अँटेनाबद्दल बोललो होतो आणि शेवटी मी म्हटलं होतं, की पुढच्या वेळी एका जळलेल्या सेटची गोष्ट सांगेन. ती सांगतो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये चहा प्यायलो होतो, तेवढं गाळलंय.

डिसेंबर 2016, जागा ताम्हिणी. पुण्याहून पौड, मग मुळशी धरणाचं पाणी उजव्या-डाव्या हाताला ठेवत वळणं घेत गेलं की विंझाईचं देऊळ लागतं. त्याच्या पुढे रस्ता खाली उतरतो, विळ्याला, निजामपूरला आणि शेवटी माणगावला. हा रस्ता पावसाळ्यात कितींदा बंद होतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. 25 जुलै 2024 ला सकाळी संपलेल्या 24 तासांत ताम्हिणीला 556 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ज्या दिवशी पुण्यात सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं, तोच तो दिवस. इथे घाटात दरड आली, वीज गेली, की मोबाइलचा टॉवर बॅटरी संपेपर्यंत चालतो आणि मग गप्प होतो. घाटात बरेच ठिकाणी तो एरवीही गप्पच असतो.

म्हणून आम्ही पाच-सहा हॅम तिथे सरावाला गेलो होतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून वायरलेसवर बोलणारे लोक. कल्पना साधी होती. मोबाइल नाही, वीज नाही असं धरून चालायचं, घाटमाथ्यावरून एकीकडे पुण्याशी आणि दुसरीकडे कोकणात माणगावशी बोलायचं. पुण्यासाठी सात मेगाहर्ट्झवर, झाडाला बांधलेली तार, म्हणजे लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आकाशातून परत खाली येतात. मधले डोंगर आडवे येत नाहीत. माणगावसाठी व्हीएचएफ. व्हीएचएफचा सेट एका काकांनी दिला होता. काका स्वतः आले होते, सत्तरी उलटलेली, गुडघे दुखत होते, पण खुर्ची टाकून बसले. पन्नास वॅटचा जपानी सेट, त्यांनी अठरा वर्षं जपलेला. दुसरा घ्यायची त्यांची ऐपत नव्हती, असं नाही म्हणणार, पण पेन्शनवर असे निर्णय सहज होत नाहीत.

दुपारी आमची बॅटरी बसली. माणगावच्या बाजूने एक तरुण मोटारसायकलवर आला होता, त्याच्याकडे भरलेली बॅटरी होती. त्याच्या बॅटरीच्या वायरला एक पांढरा कपलर होता. मोटारसायकलच्या वायरिंगमध्ये असतो तो, दोन पिनांचा, खटका असलेला. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतो तोच. आमच्या वायरलाही तोच कपलर. मी म्हटलं, वा, जमलं! तो कपलर एकाच बाजूने बसतो, उलटा जातच नाही. मी खटका लावला. ‘टक्’ असा आवाज झाला, खटक्याचा नव्हे, दुसरा. मग तो वास. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको.

मीटर लावून बघितलं. माझ्या कपलरमध्ये खटक्याच्या बाजूची पिन प्लस, त्याच्या कपलरमध्ये तीच मायनस. दोघांचंही चुकलेलं नव्हतं. मी माझ्या घरी ठरवलं होतं, त्याने त्याच्या घरी. माझ्या घरातल्या सगळ्या वायरी एकमेकींशी जुळत होत्या, त्याच्या घरातल्याही. ताम्हिणीला आम्ही पहिल्यांदा भेटलो होतो.

तर आजचा प्रश्न हा आहे. कपलर उलटा बसत नाही, इतकी काळजी कंपनीने घेतली. मग कुठली पिन प्लस, हे कोणी का नाही ठरवून दिलं?

थोडं मागे जाऊ. प्लस आणि मायनस ही नावंच मुळात एक अंदाज होता. बेंजामिन फ्रँकलिनने 1747 च्या सुमारास ती ठेवली, एका प्रकारच्या विजेला जादा म्हटलं, दुसऱ्याला कमी. 1897 मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवून दिला तेव्हा कळलं, की तारेतून जे धावतं ते फ्रँकलिनच्या मायनसकडून प्लसकडे धावतं. तोवर दीडशे वर्षं झाली होती, पुस्तकं छापली गेली होती, कोण बदलणार? निसर्गाला कशाशी देणंघेणं नाही. माणसांनी ठरवलेलं आहे, आणि ठरवलेलं पाळायचं असतं, एवढंच.

आता गंमत बघा. आज आपण म्हणतो, गाडीची बॉडी मायनस. कुठल्याही गॅरेजमध्ये पोराला विचारा, तो झोपेतही सांगेल. पण हे कायम असं नव्हतं. टेलिफोनवाल्यांनी उलटं केलं होतं. एक्स्चेंजच्या बॅटरीचं प्लस टोक जमिनीला, म्हणून तिथला दाब अजूनही उणे 48 व्होल्ट लिहितात. त्यामागे कारण होतं. ओल्या जमिनीत तांब्याची तार जमिनीच्या मानाने प्लस असेल तर ती गंजून झिजते, मायनस असेल तर वाचते. आपल्याकडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्यांनी नोकरी केलीय त्यांना हे अंगवळणी असेल. जुन्या गाड्यांतही पुष्कळांमध्ये बॉडी प्लस होती. अमेरिकेत फोर्डच्या सहा व्होल्टच्या गाड्या 1955 पर्यंत तशाच निघाल्या. इंग्लंडमधल्या गाड्या साठच्या दशकापर्यंत. जिच्यावरून आपली अॅम्बॅसडर आली ती मॉरिस ऑक्सफर्डही बॉडी प्लसवाली.

मग बदललं कशामुळे? मुख्यतः डायोड आणि ट्रान्झिस्टर आले म्हणून. आधीच्या गाडीतला दिवा, हॉर्न, डायनॅमो यांना उलट-सुलट चाललं असतं, थोड्या खटपटीने. डायोडला चालत नाही. डायोड एकाच दिशेने जाऊ देतो, तेच त्याचं काम. अल्टरनेटरमध्ये डायोड आले आणि सगळ्या जगाने एक बाजू धरली, बॉडी मायनस. अधल्यामधल्या काळात कार-रेडिओ करणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. काही सेटच्या मागे चक्क प्लस-मायनस अदलाबदल करायची सोय असायची, गाडी बघून लावा म्हणून. त्याच काळातले खिशातले ट्रान्झिस्टर रेडिओ आठवा. जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर, त्यामुळे सेटचं सामाईक टोक बहुतेक प्लस. पुढे सिलिकॉनचे एनपीएन आले तसं तेही फिरलं. आमचे काका सांगायचे, की सुरुवातीला दुरुस्ती करताना मीटरची कुठली काडी चासीला लावायची हे सेट उघडल्यावरच कळायचं.

हौशी रेडिओवाल्यांना तोवर ही डोकेदुखी नव्हती. त्यांचे सेट व्हॉल्व्हचे, घरच्या विजेवर चालणारे, आणि घरच्या विजेला प्लस-मायनस नसतंच. प्लग कसाही घाला. भारतात बरीच वर्षं लष्कराने काढून टाकलेले सेट आणून दुरुस्त करायचे किंवा स्वतः बांधायचे, हीच रीत. सेट आपला, पुरवठा आपला, मधली वायर आपली. ऐंशीच्या दशकात जपानी ट्रान्झिस्टराइज्ड सेट यायला लागले. त्यांना लागतो 13.8 व्होल्ट. हा आकडा कुठून आला? गाडीतून. चालू गाडीत शिशाच्या बॅटरीवर साधारण तेवढा दाब असतो. म्हणजे बघा, व्होल्टेज गाडीने ठरवून दिलं, बॉडी मायनस हेही गाडीनेच ठरवून दिलं. मधला प्लग ठरवून द्यायला मात्र कोणीच आलं नाही.

जपानी कंपन्यांनी आपापल्या परीने काळजी घेतली. पन्नास वॅटच्या मोबाइल सेटच्या शेपटीला दोन पिनांचा प्लग असतो, एक पाती आडवी, एक उभी, इंग्रजी टीसारखा. तो उलटा बसत नाही, आणि चांगली गोष्ट म्हणजे केनवुड, आयकॉम, येसू, तिघांनीही तो सारखाच ठेवला. पण शंभर वॅटच्या सेटना वीस अँपिअर लागतात, तिथे आधी सहा पिनांचा आला, मग चार पिनांचा. आणि हे सगळे प्लग सेटच्या बाजूचे. वायरीचं दुसरं टोक? ते कंपनी नागडं ठेवते. लाल आणि काळी, सोललेली तार. पुढे तुमचं तुम्ही बघा. सगळा घोटाळा त्या दुसऱ्या टोकाला आहे.

लहान वस्तूंमध्ये तर अजून मजा. गोल पिनेचा अॅडॅप्टर असतो ना, त्यात मधली पिन प्लस की मायनस? आज बहुतेक ठिकाणी मधली प्लस. पण गिटारवाल्यांच्या पेडलमध्ये मधली मायनस, आणि ती प्रथा इतकी घट्ट की आता कोणी बदलत नाही. त्यालाही कारण होतं. जॅकमध्ये प्लग घातला की आतली बॅटरी आपोआप सुटावी, म्हणून एक पट्टी असते, आणि ती बाहेरच्या कड्याच्या बाजूला असते. प्लस तोडायचं तर प्लस बाहेर. जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांच्या संघटनेने यावर एक छान उपाय काढला होता. मधली पिन कायम प्लस, आणि व्होल्टेजप्रमाणे प्लगची जाडी वेगळी, अशी पाच मापं. म्हणजे जास्त व्होल्टेजचा प्लग कमीवाल्यात शिरूच नये. मला हा उपाय फार आवडतो, कारण यात माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडलेलं नाही. पण जगाने तो सरसकट उचलला नाही. तुमच्या खणात अॅडॅप्टर असतील तर आज रात्री काढून बघा, चार निघाले तर तीन जाती निघतील.

आता ज्याच्यासाठी इतकं बोललो त्या गोष्टीकडे येतो.

भूकंप, पूर, वादळ आलं की हॅम लोक सेट घेऊन बाहेर पडतात. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाले लातूर-उस्मानाबादकडे गेले होते. 2001 मध्ये भूजला गेले. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी तर अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच मोहिमेसाठी रेडिओ लावून बसलेले होते, पोर्ट ब्लेअरहून तेच निरोप्ये झाले. अशा ठिकाणी काय होतं? एकाचा सेट, दुसऱ्याची बॅटरी, तिसऱ्याची वायर. घरी कधीच होत नाही ते तिथे पहिल्या तासात होतं. अनोळखी माणसाच्या बॅटरीला तुमचा सेट लागतो. आणि तेही रात्री, पावसात, टॉर्च तोंडात धरून.

अमेरिकेतल्या आपत्कालीन हॅम गटांना हे कळलं आणि त्यांनी आधी दोन पिनांचा एक मोलेक्स प्लग ठरवून पाहिला. त्यात नर-मादी भानगड. पुरवठ्याला मादी, सेटला नर. मग दोन बॅटऱ्या जोडायच्या तर? मधे वायर लांबवायची तर? प्रत्येक ठिकाणी कुठली बाजू हा हिशोब. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या गटांनी अँडरसनचा पॉवरपोल उचलला. अँडरसन ही बोस्टनमध्ये 1877 मध्ये सुरू झालेली जुनी कंपनी. तिचे मोठे करडे प्लग तुम्ही पाहिलेले असतील. भोसरी-चाकणच्या गोदामांत बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावतात ना, त्याला असतात. पॉवरपोल म्हणजे त्याच कल्पनेचं धाकटं भावंड. यात नर-मादी नाही. दोन्ही टोकं अगदी सारखी, एक पालथं केलं की दुसऱ्यात बसतं. पंधरा, तीस, पंचेचाळीस अँपिअर, आतली पट्टी वेगळी, बाहेरची डबी तीच.

पण आता नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. पॉवरपोलची लाल डबी वेगळी येते, काळी वेगळी येते. त्या एकमेकींत सरकवून तुम्ही जोडी करता. लाल डावीकडे ठेवा, उजवीकडे ठेवा, वर ठेवा, खाली ठेवा, सरकवता येतं. आणि चुकीच्या जोडीचा प्लग बरोबरच्या प्लगमध्ये मस्त बसतो, लाल काळीत आणि काळी लालीत. म्हणजे माझ्या ताम्हिणीच्या कपलरचंच दुखणं. नुसता चांगला प्लग निवडून काम झालं नव्हतं. तेव्हा त्यांनी एका ओळीचा नियम केला. तोंडाकडून, म्हणजे जिथे धातू दिसतो त्या बाजूने बघा. डबीची जीभ खाली असेल तेव्हा लाल डावीकडे, काळी उजवीकडे. बस्स. या एका ओळीने ते शक्य झालं, जे नुसत्या प्लगने झालं नव्हतं. कायदा नाही, सक्ती नाही. एका गटाने धरलं, शेजारच्याने धरलं, मग पुरवठे बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांनी तसेच प्लग बसवून विकायला सुरुवात केली, आणि न पाळणाऱ्यालाच अडचण व्हायला लागली.

आपल्याकडे? आपल्याकडे पॉवरपोल मिळतो, पण मागवावा लागतो, महाग पडतो, आणि नकली मालात पट्टी सैल असते. सैल पट्टी वीस अँपिअरला गरम होते. त्यामुळे आपल्या लोकांनी जे हाताशी आहे ते वापरलं. बॅटरीला चिमटे लावून काम भागवणारे सगळ्यात जास्त. गावाकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावायचे तसेच. काहींनी तर घरातला पाच अँपिअरचा थ्री-पिन प्लग बारा व्होल्टला वापरला. मी स्वतः हे पाहिलंय आणि हात जोडून सांगतो, नका करू. कुठला तरी पाहुणा येऊन तो प्लग भिंतीत घालतो आणि बारा व्होल्टच्या सेटला 230 मिळतात. वायरींच्या रंगाचंही तेच. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल, म्हणून काळी म्हणजे निरुपद्रवी असं डोक्यात बसलेलं. अमेरिकेतल्या घरात काळीच फेज असते. आणि ज्या दुहेरी वायरीच्या एका बाजूला पांढरी रेघ असते, ती रेघ प्लस की मायनस, यावर मी दोन मोठी माणसं भांडताना पाहिलीत. दोघंही इंजिनिअर.

मधेच एक तांत्रिक गोष्ट, कारण बरेच जण विचारतात, सेटमध्ये संरक्षण नसतं का? असतं. पुरवठ्याला समांतर एक डायोड लावलेला असतो, उलटा. बॅटरी उलटी लागली की तो डायोड सगळा प्रवाह स्वतःतून जाऊ देतो, फ्यूज उडतो, सेट वाचतो. सुंदर कल्पना. पण ती फ्यूजवर विसंबून आहे. फ्यूज पंधराचा असेल तर. कोणी तिथे तीसचा घातला असेल, किंवा चंदेरी कागद गुंडाळला असेल, तर फ्यूजच्या आधी डायोड जातो, कधी त्याच्या खालची पीसीबीची पट्टी जाते, आणि मग पुढचं सगळं उघडं पडतं. डायोड समांतर न लावता रांगेत लावला तर फ्यूजची गरज नाही, पण तो 0.7 व्होल्ट खातो. दहा अँपिअरला सात वॅटची उष्णता फुकट, शिवाय बॅटरी आधीच दमलेली. आता मॉसफेट लावतात, त्यात हे नुकसान फार कमी. जुन्या सेटमध्ये मात्र तोच बिचारा डायोड.

काकांच्या सेटला मूळ फ्यूज नव्हता. मूळचा कधीतरी उडाला होता आणि वायर मी बनवून दिलेली, फ्यूजच्या जागी माझ्याकडे होता तो घातलेला. तीसचा. हे मी त्या दिवशी लगेच कबूल केलं नाही. सगळे कपलरबद्दल बोलत होते, त्या माणगावच्या मुलाचा चेहरा पडला होता, तो सारखा ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होता, आणि मी गप्प बसलो. काकांनीच सेट मांडीवर घेतला, वायर उलटी केली, फ्यूजची डबी उघडली, काचेवरचा आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “अरे, त्याला कशाला रागावता सगळे? त्याची बॅटरी चांगली आहे.” एवढंच. परतीच्या वाटेवर पौडला चहाला थांबलो तेव्हा मी त्या मुलाला खरं सांगितलं. त्याने मला माफ केलं की नाही ते कळलं नाही, पण त्यानंतर त्याने माझ्या हातची कुठलीही वायर मीटर लावल्याशिवाय जोडली नाही. बरोबरच केलं.

त्यानंतर आमच्या गटात दोन महिने भांडण झालं, कुठला प्लग ठरवायचा यावर. अर्धे पॉवरपोलच्या बाजूचे. अर्धे, आणि त्यात सगळे तरुण, एक्सटी साठच्या बाजूचे. ड्रोनवाल्या पोरांमुळे हा पिवळा प्लग आता सगळीकडे स्वस्तात मिळतो, साठ अँपिअर पेलतो. आणि त्याची एक गोष्ट मला मान्य करावी लागली. त्यात प्लस आणि मायनस प्लॅस्टिकवर कोरलेलं आहे, एका बाजूचे कोपरे कापलेले आहेत. ज्याने साचा बनवला त्याने प्लसची जागाही साच्यातच लिहून टाकली. जीभ खाली, लाल डावीकडे, असं काही पाठ करायला नको. उणं एवढंच, की त्यात पुन्हा नर-मादी आलं, आणि डाग देता आला पाहिजे. थंडीत, वाऱ्यात, घाटमाथ्यावर डाग देऊन दाखवा.

माझं मत विचाराल तर मी पॉवरपोलवाला आहे, आणि हरलो. गटाचा प्लग आता एक्सटी साठ. बॅटरीला मादी, सेटला नर, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, आणि फ्यूजच्या डबीवर आकडा मार्करने लिहिलेला, जो सेटच्या पुस्तकात आहे तोच. बाहेरचे पाहुणे येतील म्हणून एका डब्यात जोडवायरी आहेत: एक्सटी साठ ते पॉवरपोल, ते चिमटे, ते जपानी टी. प्रत्येकीवर कागदी चिठ्ठी, वर पारदर्शक टेप, आणि चिठ्ठीवर ज्याने ती बनवली त्याचं नाव. नावाची सूचना माझी होती.

तो पांढरा कपलर डब्यात नाही. मागच्या जानेवारीत आम्ही पुन्हा ताम्हिणीला गेलो होतो, तेव्हा एक नवीन जण तोच कपलर लावलेली बॅटरी घेऊन आला. माणगावचा तो मुलगा, आता मुलगा कसला, दाढी आलीय त्याला, त्याने काही न बोलता खिशातून कटर काढला, कपलर कापला आणि पिवळा प्लग बसवायला घेतला. नवीन माणूस जरा चिडला. मग काकांनी त्याला खुर्चीजवळ बोलावून घेतलं आणि सेट दाखवला. तो सेट अजून आहे. त्याचा व्हीएचएफचा फायनल कधीच मिळाला नाही, तो बोलत नाही. पण रिसीव्हर वाचला होता, त्यामुळे ऐकू येतं. काका त्यावर दिवसभर ऐकत बसतात आणि कोणी चुकीचं कॉलसाइन घेतलं की आम्हाला सांगतात.

पुढच्या भागात मोर्सच्या चाव्या. भेटू.